मूळ संहिता आणि पुरवणी : ‘डॉक्टर हू’च्या तबकड्यांवरील टीकावाङ्मय

१

मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका यांचा संबंध आपण सामान्यतः एकाच दिशेने कल्पितो. ग्रंथ आधी, टीका मागाहून. ग्रंथ स्वयंपूर्ण, टीका परोपजीवी. परंतु आपल्या वाङ्मयपरंपरेत याच्या उलट घडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ लुप्त झाले. त्यांची मते आज आपणांस कळतात ती बहुतांशी त्यांच्या प्रतिपक्ष्यांनी खंडनासाठी मांडलेल्या पूर्वपक्षातून. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ कोणी पाहिलेली नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’वरून तिच्या विस्ताराची आपण कल्पना करतो. दिङ्नागाच्या ‘प्रमाणसमुच्चया’चा अभ्यास कित्येक पिढ्या मुख्यतः तिबेटी भाषांतरांच्या आधारे चालला. म्हणजे कधी टीका, कधी भाषांतर, तर कधी चक्क विरोधकाचे खंडन हेच मूळ ग्रंथाचे अखेरचे आश्रयस्थान ठरते. ज्यास आपण पुरवणी म्हणतो, तीच संहितेचे घर होऊन बसते.

हा प्राचीन अनुभव विसाव्या शतकातील एका अगदी निराळ्या वाङ्मयप्रकारात पुन्हा यावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ब्रिटनच्या बीबीसी या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. तिचे जुने भाग १९९९ पासून डीव्हीडी-तबकड्यांवर क्रमाने निघू लागले, तेव्हा प्रत्येक कथेसोबत ‘बोनस’ या नावाखाली पुष्कळ मजकूर देण्यात येऊ लागला : कलावंतांचे भाष्य, माहितीच्या तळटीपा, निर्मितीविषयक अनुबोधपट, हरवलेल्या भागांची पुनर्रचना, जुन्या कार्यक्रमपत्रिका. व्यापाराच्या भाषेत ही गिऱ्हाइकास दिलेली वरकड होय. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता मात्र ती एका लोकप्रिय संहितेची सटीक आवृत्ती ठरते, आणि ती कशी सिद्ध झाली याचा इतिहास पाठचिकित्सेच्या अभ्यासकास पुष्कळ काही शिकवतो. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम संहितेच्या नाशाची हकीकत पाहिली पाहिजे. कारण नाशाचे स्वरूप कळल्यावाचून जतनाचे स्वरूप कळत नाही.

१९६३ ते १९६९ या सहा वर्षांत या मालिकेचे २५३ भाग प्रक्षेपित झाले. त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर होत असे. ही फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. एकदा दाखविलेला भाग पुन्हा दाखविता येणे दुर्घट, आणि घरोघरी चित्रफीत विकत घेऊन पाहण्याची कल्पनाही तेव्हा कोणाच्या स्वप्नात नव्हती. तेव्हा मूळ फिती पुसल्या गेल्या. परदेशी केंद्रांना विकण्यासाठी या फितींवरून सोळा मिलिमीटरच्या चित्रपट-प्रती काढल्या जात. त्या प्रती विक्रीविभागाजवळ होत्या. विक्रीच्या हक्कांची मुदत संपली, रंगीत दूरचित्रवाणी आली, कृष्णधवल मालास मागणी उरली नाही, आणि त्या प्रतीही नष्ट करण्यात आल्या. चित्रपट-ग्रंथालयाची जबाबदारी चित्रपटांपुरती, अभियांत्रिकी विभागाची जबाबदारी फितींच्या पुरवठ्यापुरती, विक्रीविभागाची विक्रीपुरती. अशा रीतीने, संस्थेतील सर्वजण आपापले काम चोख करीत असताना, संस्थेच्या स्मृतीचा एक मोठा भाग नाहीसा झाला. १९७८ च्या सुमारास हा क्रम थांबला.

येथे कोणी दुष्ट हेतूने ग्रंथ जाळले असे नव्हे. संहिता नष्ट झाली ती तिला कोणी संहिता मानले नाही म्हणून. शनिवारी संध्याकाळी मुलांनी पाहावयाची आणि सोमवारी विसरावयाची गोष्ट, ही तिची प्रतिष्ठा. आपल्याकडे या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. १९३१ साली प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली ती १९६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ‘आलम आरा’नंतर तेहतीस वर्षांनी. जे आज सर्वांस सहज मिळते, ते उद्या कोणासच मिळणार नाही, ही जाणीव समाजास नेहमीच उशिरा होते.

३

नाश झाला तो केंद्रात. अवशेष राहिले ते परिघावर. पोथ्यांच्या शोधाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हा नियम परिचित आहे.

परदेशी गेलेल्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरत असत. त्यांतील काही परत आल्या नाहीत, काही विसरल्या गेल्या. १९६७ साली प्रक्षेपित झालेली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची संपूर्ण कथा हाँगकाँगमध्ये सापडली आणि १९९२ साली घरगुती चित्रफितीच्या रूपाने प्रसिद्ध झाली. नायजेरियातील जॉस येथील दूरचित्रवाणी केंद्रात नऊ हरवलेले भाग मिळाले, ते २०१३ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. त्या शोधानंतर सहा वर्षांच्या त्या २५३ भागांपैकी ९७ भाग अनुपलब्ध राहिले.

याहून विलक्षण आहेत ते तुकड्यांच्या रूपाने उरलेले अवशेष. ऑस्ट्रेलियात हे भाग दाखविण्यापूर्वी तेथील परीक्षणमंडळाने मुलांना भीती वाटेल अशी दृश्ये कापून काढली, आणि सरकारी शिस्तीप्रमाणे ते कापलेले तुकडे दप्तरी जपून ठेवले. पुढे मूळ भाग नष्ट झाले. दप्तरातील तुकडे मात्र १९९६ साली सापडले. त्यामुळे कित्येक भागांतील जे दृश्य लोकांनी पाहू नये असे ठरविले गेले, नेमके तेवढेच आज पाहावयास मिळते. निषेध करणाऱ्यानेच निषिद्धाचे जतन करावे, हे चार्वाकांच्या बाबतीत जसे झाले तसेच येथे झाले. फरक इतकाच की पूर्वपक्ष मांडणाऱ्यास प्रतिपक्ष्याचे म्हणणे निदान समजून घ्यावे लागे. कात्री चालविणाऱ्यास तेही बंधन नव्हते.

दुसरा अवशेष ध्वनीचा. अनेक घरांतून उत्साही तरुणांनी दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून प्रक्षेपण टिपून घेतले होते. या खाजगी उद्योगामुळे एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज शिल्लक आहे. तिसरा अवशेष छायाचित्रांचा. जॉन क्युरा नावाचे एक व्यावसायिक छायाचित्रकार प्रक्षेपण चालू असताना पडद्याची क्रमवार छायाचित्रे घेत आणि ती दिग्दर्शकांना व कलावंतांना विकत. आपले काम डोळ्यांदेखत विरून जाते हे जाणणाऱ्या कलावंतांना तेवढीच आठवण. चित्राविना आवाज एकीकडे, आणि गतीविना चित्र दुसरीकडे : तबकड्यांच्या संपादकांपुढे जी सामग्री होती ती अशी.

४

या सामग्रीचे त्यांनी काय केले, हे पाहण्यास २००६ च्या जानेवारीत निघालेला ‘द बिगिनिंग’ हा तीन तबकड्यांचा संच सर्वांत सोयीचा आहे. मालिकेच्या पहिल्या तीन कथा त्यात आहेत. या संचाशी आपला भारतीयांचा एक प्रत्यक्ष संबंधही आहे, आणि तो केवळ योगायोगाचा नाही.

पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ साली लखनौस झाला. बालपणाचा बराच काळ मुंबईत गेला, आणि १९४६ साली ते आईवडिलांसमवेत इंग्लंडला गेले. त्यांच्या मातुःश्री अतिया हुसेन म्हणजे ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या लेखिका. अवधच्या तालुकदारी जीवनाच्या अस्ताचे चित्रण त्या कादंबरीत आहे. एका नष्ट होणाऱ्या जगाची नोंद आईने शब्दांत ठेवली. मुलाने ज्या माध्यमात काम केले ते माध्यमच आपल्या नोंदी पुसून टाकणारे होते. निर्माती व्हेरिटी लँबर्ट याही त्या वेळी तिशीच्या आतल्या. पुरुषांच्या त्या संस्थेत एक तरुण स्त्री आणि एक तरुण हिंदी मुसलमान यांच्या हाती, कोणास फारसा विश्वास नसलेली एक मालिका सोपविण्यात आली होती.

संचातील सर्वांत मोलाची पुरवणी म्हणजे पहिल्या भागाचे फेटाळलेले पहिले मुद्रण. २७ सप्टेंबर १९६३ रोजी मुद्रित झालेला हा भाग नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी नापसंत केला आणि पुन्हा करावयास सांगितले. १८ ऑक्टोबरला तो नव्याने मुद्रित झाला, आणि तोच प्रक्षेपित झाला. तबकडीवर प्रक्षेपित भाग आहे, फेटाळलेला भागही आहे, आणि त्या फेटाळलेल्या दिवसाचे न कापलेले स्टुडिओ-मुद्रणही आहे. त्यात चुकलेले संवाद, नीट न मिटणारे दार आणि पुन्हा घेतलेली दृश्ये जशीच्या तशी दिसतात. ही तिन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे संहितेचे संस्करण कसे झाले ते उघड होते. पहिल्या रूपात नायक कठोर व उद्धट आहे. दुसऱ्यात त्याच्या कठोरपणास गूढतेची व मिस्किलपणाची जोड मिळाली आहे. पहिल्यात त्याची नात सुसान आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला असल्याचे सांगते. दुसऱ्यात नेमके शतक गाळून, अन्य काळ आणि अन्य जग एवढाच मोघम उल्लेख राहिला आहे. या एका बदलावर पुढील साठ वर्षांची कथा उभी आहे; कारण पहिला पाठ कायम राहता तर ही माणसे भविष्यकाळातील पृथ्वीवासी ठरली असती, आणि त्यांचे परकेपण सरले असते. कवितेच्या हस्तलिखितातील एका खोडलेल्या विशेषणावरून जे शिकता येते, ते येथेही शिकता येते. पाठभेद देण्याची ही पद्धत प्रस्तावनेतील दहा पानांच्या वर्णनापेक्षा अधिक बोलकी आहे.

दुसरी पुरवणी ‘मार्को पोलो’ची. हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली ही दुसरी कथा. २२ फेब्रुवारी ते ४ एप्रिल १९६४ या काळात तिचे सात भाग प्रक्षेपित झाले. सातही नष्ट झाले. एकाच दिग्दर्शकाच्या एकापाठोपाठच्या दोन कृतींपैकी एक अखंड राहावी आणि दुसरी समूळ जावी, यात गुणावगुणांचा काही संबंध नाही. क्युरा यांच्याकडून घेतलेली छायाचित्रे हुसेन यांनी जपून ठेवली होती. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता, तेव्हा त्याची छायाचित्रे त्या संग्रहात नव्हती. उरलेल्या सहा भागांची छायाचित्रे आणि घरगुती ध्वनिमुद्रणे एकत्र आणून संपादकांनी अर्ध्या तासाची संक्षिप्त पुनर्रचना केली, आणि ती या संचात दिली. कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा तो प्रवास स्थिर चित्रांतून, पाठीमागच्या जिवंत आवाजाच्या आधारे, आपण अनुभवतो. भग्न शिलालेख वाचताना तुटलेल्या ओळींच्या जागी जशी कंसातील टिंबे यावीत तसा हा अनुभव आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा त्या टिंबांतच आहे.

५

पुरवण्यांतील टीकेचे प्रकार मुख्यतः दोन : कानाने ऐकावयाचे भाष्य आणि डोळ्यांनी वाचावयाच्या तळटीपा. त्यांचे स्वभाव भिन्न आहेत.

भाष्यात निर्माते, दिग्दर्शक व नट दृश्य पाहता पाहता बोलतात. लँबर्ट, हुसेन, सुसानची भूमिका करणाऱ्या कॅरोल अ‍ॅन फोर्ड आणि शिक्षकाची भूमिका करणारे विल्यम रसेल यांचे बोल या संचात आहेत. लँबर्ट २२ नोव्हेंबर २००७ रोजी वारल्या, रसेल २०२४ च्या जूनमध्ये. आणखी दोन वर्षे चालढकल झाली असती तर मालिकेच्या पहिल्या निर्मातीची ही साक्ष आपणांस मिळाली नसती. मौखिक इतिहासाचे हे मोल निर्विवाद आहे. तथापि त्याच्या मर्यादाही स्पष्ट दिसतात. चाळीस वर्षांनी माणूस जे आठवतो ते पुष्कळदा घटनेचे नसून त्याने पूर्वी सांगितलेल्या गोष्टीचे स्मरण असते. स्नेहसंमेलनाचा सूर असला की कटू गोष्टी गुळगुळीत होतात. विनोदी किस्से पुनःपुन्हा सांगून घासले जातात आणि अखेरीस आख्यायिका होतात. केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी पहिला भाग प्रक्षेपित झाला, यावरून तो फार उशिरा सुरू झाला अशी समजूत बराच काळ रूढ होती. वस्तुतः उशीर दीड मिनिटाचाही नव्हता.

या दोषावर उतारा म्हणून तळटीपा आहेत. दृश्याच्या खालच्या अंगाला ओळीओळीने येणारी ही माहिती निर्मितीच्या कागदपत्रांवर आधारलेली असते : कोणता प्रसंग कोणत्या दिवशी मुद्रित झाला, पटकथेच्या आधीच्या खर्ड्यात काय होते, कोणते वाक्य नटाने बदलले. मल्लिनाथाने आपल्या टीकेविषयी जी प्रतिज्ञा केली, की निराधार काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही सांगणार नाही, तिच्या पूर्वार्धाचे पालन येथे कसोशीने झाले आहे. उत्तरार्धाचे तितकेसे नाही. गाडीचा क्रमांक आणि सहायकाच्या चहाची वेळ यांतून कधी कधी टीकाकाराचे प्रेमच अधिक प्रकट होते. या तळटीपा लिहिणाऱ्यांत मार्टिन विगिन्स हे एक आहेत, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय वाचकांना विशेष वाटेल. ते स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर संस्थेतील विद्वान असून १५३३ ते १६४२ या काळातील ब्रिटिश नाटकांची बहुखंडी सूची त्यांनी सिद्ध केली आहे. त्या सूचीत उपलब्ध नाटकांबरोबर नष्ट झालेल्या नाटकांच्याही नोंदी आहेत. एलिझाबेथकालीन नाटक हेदेखील आपल्या काळी वाङ्मय म्हणून गणले जात नव्हते. तेही त्या दिवसाच्या प्रेक्षकांसाठी लिहिले जाई आणि नाटकमंडळींच्या पेटीत हरवे. नष्ट नाटकांचा अभ्यासक नष्ट दूरचित्रमालिकेकडे वळावा, यात लहरीपणा नाही, सुसंगती आहे.

दोन्ही प्रकारची टीका एकाच वेळी चालू ठेवता येते. मग वरून स्मृती बोलत असते आणि खालून कागदपत्र तिला दुजोरा देत वा दुरुस्त करीत असते. मुद्रित ग्रंथाला हे साधलेले नाही. पानाच्या तळाशी टीप असते, पण मूळ लेखकाचा आवाज नसतो.

टीकेचे आणखी एक कार्य श्रेयनिर्णयाचे. या मालिकेचे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचे; पण तो विलक्षण ध्वनी प्रत्यक्षात घडविला डेलिया डर्बीशायर यांनी. वाद्ये नव्हती. फितीचे तुकडे कापून, जोडून, त्यांचा वेग बदलून त्यांनी तो घडविला. संस्थेच्या नियमामुळे त्यांचे नाव पडद्यावर आले नाही. ते आले २०१३ साली, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. त्यापूर्वी डर्बीशायर यांना मरून बारा वर्षे झाली होती. ‘डालेक’ या यंत्रप्राण्यांचे रूप रेमंड क्युसिक यांनी कल्पिले. ते पगारी नोकर, म्हणून त्या रूपाच्या विक्रीतील स्वामित्वधन त्यांस मिळाले नाही, ते लेखक टेरी नेशन यांना मिळाले. ‘द बिगिनिंग’मधील अनुबोधपटांनी या कारागिरांना नावानिशी पुढे आणले. अधिकृत श्रेयनामावलीने ज्यांना वगळले त्यांची नोंद पुरवणीत झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

६

एवढे श्रेय दिल्यावर दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप आत्मसमर्थनाचा. ज्या संस्थेने संहिता पुसली तीच आता पुसण्याची करुण कथा रंगवून विकते, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. परंतु उद्धाराचे प्रत्यक्ष कार्य पुष्कळसे संस्थेच्या धोरणाने झाले नसून संस्थेतील व संस्थेबाहेरील मालिकाप्रेमी तंत्रज्ञांच्या चिकाटीने झाले, हेही नोंदविले पाहिजे. कृष्णधवल चित्रपट-प्रतींत मूळ रंगसंकेताचे सूक्ष्म ठिपके शिल्लक राहिले आहेत हे ओळखून त्यांवरून हरवलेला रंग पुन्हा काढण्याची पद्धत अशाच स्वयंसेवी गटाने सिद्ध केली, आणि २००९ साली ‘प्लॅनेट ऑफ द डालेक्स’च्या तिसऱ्या भागास ती लावण्यात आली. खरडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावरील आधीची अक्षरे वाचण्यासारखेच हे काम. वंशविषयक प्रश्नांवर मात्र या पुरवण्या बराच काळ अबोल राहिल्या. ‘मार्को पोलो’त मंगोल तेगानाची भूमिका एका इंग्रज नटाने केली होती, आणि अशी रंगवलेली परकी माणसे त्या काळच्या ब्रिटिश रंगभूमीवर व पडद्यावर सर्रास दिसत. २०११ साली ‘द म्यूटंट्स’च्या तबकडीवर ब्रिटिश दूरचित्रवाणीतील कृष्णवर्णीय नटांविषयी ‘रेस अगेन्स्ट टाइम’ हा अनुबोधपट आला, तेव्हा हा विषय उघडपणे मांडला गेला. टीका वयात आल्याचे ते लक्षण होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो प्रक्षेपाचा आहे. पुनर्रचना कोठे थांबावी? २००६ साली ‘द इन्व्हेजन’ या कथेतील दोन हरवलेले भाग मूळ आवाजावर नवी रेखाचित्रे चढवून पूर्ण करण्यात आले. २०१६ साली ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ ही संपूर्ण हरवलेली कथा तशीच उभी केली. येथे मूळ आवाज कायम असून चित्र नवे आहे हे पाहणाऱ्यास क्षणोक्षणी कळते. म्हणून तो प्रक्षेप नव्हे, ते उघड भाषांतर आहे. भाषांतरकाराच्या व्यवसायात अर्धे आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास हा भेद महत्त्वाचा वाटतो. भाषांतर आपण भाषांतर असल्याचे लपवीत नाही तोवर ते मूळ कृतीवर अन्याय करीत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मात्र ‘द डालेक्स’ ही सात भागांची, सुमारे तीन तासांची कथा पंचाहत्तर मिनिटांत बसवून, रंगवून व नवे संगीत घालून दाखविण्यात आली. मूळ कथा उपलब्ध असताना केलेले हे नवे संस्करण. त्यास करमणूक म्हणून विरोध नाही. पण नव्या वाचकाने तेवढेच पाहिले आणि त्यासच मूळ मानले, तर एका पिढीत पाठ बदलतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली सुरू केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण केले. तिच्या संपादकांनी प्रक्षिप्त श्लोक फेकून दिले नाहीत. ते खाली टिपांत आणि परिशिष्टांत ठेवले, आणि वर काय व खाली काय हे स्पष्ट राखले. तबकड्यांच्या उत्तम आवृत्त्यांत ‘वर’ आणि ‘खाली’ यांचा हा विवेक आहे. नव्याने केलेले दृश्यपरिणाम तेथे बहुधा पर्याय म्हणून येतात. मूळ पाठ शेजारीच असतो.

७

आता या टीकावाङ्मयाच्या भवितव्याचा प्रश्न उरतो. तबकडी हे वाहन मागे पडत आहे. २०१८ पासून या मालिकेचे संच ब्लू-रे तबकड्यांवर, अधिक पुरवण्यांसह, निघू लागले. पण बहुसंख्य प्रेक्षक आज आंतरजालावरून प्रवाहित होणारी संहिताच पाहतात, आणि तेथे बहुधा संहिता असते, टीका नसते. इतकेच नव्हे, तर संहिताही असेलच असे नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात बीबीसीने आपल्या सेवेवर या मालिकाविश्वाचे आठशेहून अधिक भाग ठेवले, तेव्हा नेमकी पहिली कथाच त्यांत नव्हती. पटकथाकार अँथनी कोबर्न यांच्या वारसाकडील हक्कांचा करार होऊ शकला नव्हता. हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली जी कृती फितींच्या संहारातून वाचली, ती साठाव्या वर्षी करारामुळे अदृश्य झाली. ज्यांच्या घरी २००६ चा संच होता त्यांच्याकडे मात्र ती होती, तिच्या फेटाळलेल्या पाठासह, दिग्दर्शकाच्या भाष्यासह आणि त्याच्याच हरवलेल्या दुसऱ्या कृतीच्या छायाचित्रांसह.

पुढे १९६५ साली हुसेन यांनी ‘अ पॅसेज टु इंडिया’चे दूरचित्र-रूपांतर दिग्दर्शित केले, आणि त्यांच्या कीर्तीचा वृक्ष इतरत्र वाढला. पण भारतीय वाङ्मयाशी नाते सांगणाऱ्या एका घरातील तरुणाने परक्या देशात, परक्या माध्यमात, काळातून प्रवास करणाऱ्या परक्या माणसाची पहिली कथा कशी उभी केली, याचे सविस्तर साधन शोधावयाचे झाल्यास ते वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथात मिळणार नाही. ते मिळेल विक्रीसाठी काढलेल्या तबकडीच्या पुरवणीत.

आपल्याकडे आकाशवाणीवरील श्रुतिका, संगीत नाटकांची मुद्रणे, दूरचित्रवाणीवरील प्रारंभीची नाटके यांचे जे काही शिल्लक असेल, त्याच्या आवृत्त्या कधीतरी निघतील. त्या केवळ संहितेच्या निघाव्यात की सटीक निघाव्यात, हा प्रश्न तेव्हा उपस्थित होईल. खर्चाचा हिशेब करणारा पुरवणी प्रथम कापील. त्यास सांगावयाचे एवढेच की, संहिता कोणती टिकेल हे आपण ठरवू शकत नाही, ते पुष्कळदा अपघात ठरवितो. परंतु ती कशी घडली, तिच्यात काय बदलले, आणि ती घडविताना कोणाचे हात लागले, हे सांगणारी माणसे हयात असताना त्यांना बोलते करणे मात्र आपल्या हाती असते.